गाळ, गाळणी आणि कॉफी

कार्ल्याच्या लेण्यांना दरवर्षी अनेक शाळांच्या सहली येतात. चैत्यगृहातील खांबांच्या रांगा, छताच्या लाकडी कमानी आणि समोरचा स्तूप पाहून मुले थक्क होतात. खांबांवर कोरलेल्या ब्राह्मी लेखांकडे मात्र सहसा कोणी पाहत नाही. त्यांपैकी काही खांब धेनुकाकट नावाच्या ठिकाणच्या यवनांनी दान दिल्याचे त्या लेखांत म्हटले आहे. ग्रीकांना आणि एकूणच पश्चिमेकडून आलेल्या लोकांना त्या काळी यवन म्हणत. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी घाटावरचा माल बोरघाटातून उतरून कल्याण, सोपारा, चौल या बंदरांत जाई आणि तेथून मोसमी वाऱ्यांच्या भरवशावर तांबड्या समुद्राकडे रवाना होई. कार्ल्याच्या लेण्यांना दान देणारे व्यापारी याच वाटेवर ये-जा करीत.

या यवनांनी कॉफी कधी चाखली नव्हती, कारण कॉफी हे पेय तेव्हा अस्तित्वातच नव्हते. पण त्यांचाच समुद्रमार्ग आणि त्यांचेच मोसमी वारे वापरून सुमारे दीड हजार वर्षांनंतर कॉफी आपल्याकडे आली. ही कॉफी करण्याची भांडी कशी बदलत गेली हे पाहिले, तर विज्ञानाच्या पुस्तकातील एक साधा धडा आपल्यासमोर उलगडतो. तो धडा म्हणजे विरघळवणे आणि वेगळे करणे. आज शहरांतील बऱ्याच घरांत दिसणारे 'फ्रेंच प्रेस' नावाचे काचेचे भांडे हे या इतिहासातील एक प्रकरण आहे. ते समजून घेतले तर घरची कॉफी सुधारतेच, शिवाय चव आणि आरोग्य यांचा संबंध किती गुंतागुंतीचा असतो तेही कळते.

बुंददाणे येतात

कॉफीचे झाड मूळचे इथिओपियाच्या डोंगराळ भागातले. त्याच्या बिया भाजून, कुटून, पाण्यात उकळून पिण्याची पद्धत पंधराव्या शतकात येमेनमधील सूफी साधकांत रुळली. रात्रीच्या उपासनेत जागे राहण्यासाठी ते हे पेय घेत. तांबड्या समुद्राच्या तोंडाशी असलेले मोखा हे येमेनी बंदर कॉफीच्या व्यापाराचे केंद्र बनले. पश्चिम भारतातील बंदरांचा या भागाशी जुना व्यापार होता. त्यामुळे आपल्याकडे कॉफी पोहोचली ती युरोपमार्गे नव्हे, तर थेट अरबस्तानातून. मराठीतला 'बुंददाणे' हा कॉफीच्या बियांसाठीचा जुना शब्द याची साक्ष देतो. अरबीत कॉफीच्या बियांना 'बुन्न' म्हणतात.

सर टॉमस रो हा इंग्लंडचा वकील जहांगीराच्या दरबारी असताना एडवर्ड टेरी नावाचा पाद्री त्याच्याबरोबर होता. येथील धर्मनिष्ठ लोक मद्याऐवजी काळ्या बियांचे उकळलेले पाणी पितात, असे त्याने लिहून ठेवले. त्याचे निरीक्षण मोठे मार्मिक आहे. पाण्याचा रंग बदलतो, पण चव फारशी बदलत नाही, असा त्याचा शेरा होता. आजच्या भाषेत सांगायचे तर त्याला मिळालेली कॉफी फारच पातळ असावी!

मोख्याहून सात बिया लपवून आणून बाबा बुदन या सूफी संताने त्या आजच्या कर्नाटकातील चिकमगळूरच्या डोंगरावर लावल्या, अशी आख्यायिका आहे. सतराव्या शतकातील या कथेची शहानिशा करणे कठीण असले, तरी त्या डोंगराला आजही बाबा बुदनगिरी म्हणतात. भारतातील बहुतांश कॉफी आजही कर्नाटकातच पिकते. आपल्या राज्यात चिखलदऱ्याला कॉफीची थोडी लागवड आहे.

गाळाचा प्रश्न

कॉफीची भाजलेली बी पूर्णपणे पाण्यात विरघळत नाही. तिच्या वजनाचा जेमतेम तीस टक्के भाग विद्राव्य असतो. उरलेला सत्तर टक्के भाग म्हणजे वनस्पतीच्या पेशींचा काष्ठमय सांगाडा. हाच आपला चोथा. साखरेबाबत असा प्रश्न येत नाही, कारण ती सगळीच विरघळते. कॉफी करताना मात्र दोन कामे करावी लागतात. हवे ते पदार्थ पाण्यात उतरवायचे आणि नको तो चोथा बाजूला काढायचा.

यावरचा सर्वांत जुना तोडगा म्हणजे निवळणे. अरब आणि तुर्क लोक कॉफी पिठासारखी बारीक दळून उकळत आणि साका तळाशी बसू देऊन वरचे निवळ पीत. तुर्की पद्धतीच्या कॉफीत आजही पेल्याच्या तळाशी चिखलासारखा थर राहतो. आपल्याकडेही पूड उकळून भांडे झाकून ठेवण्याची आणि मग गाळून दूध, साखर, जायफळ घालण्याची पद्धत घरोघरी होती.

पुढचा तोडगा कापडाचा. अठराव्या शतकात फ्रान्समध्ये पूड कापडी पिशवीत भरून ती गरम पाण्यात बुडवू लागले. १८०० च्या सुमारास पॅरिसमध्ये दोन मजली किटली प्रचारात आली. वरच्या मजल्याच्या सच्छिद्र तळावर पूड पसरायची, वरून गरम पाणी ओतायचे आणि खाली झिरपलेली कॉफी घ्यायची. हिचे श्रेय पॅरिसचे आर्चबिशप द बेलॉय यांना दिले जाते. आपल्या दाक्षिणात्य बांधवांची पितळी फिल्टरची जोडी याच तत्त्वावर चालते.

रम्फर्डची शिकवण

या टप्प्यावर एक शास्त्रज्ञ कॉफीच्या इतिहासात प्रवेश करतो. तोफांच्या नळ्यांना भोके पाडताना अमर्याद उष्णता निर्माण होते, तेव्हा उष्णता हा पदार्थ नसून ती गती असली पाहिजे, असे १७९८ मध्ये मांडणारा काउंट रम्फर्ड शिक्षकांना ठाऊक असतोच. पुढे तो पॅरिसमध्ये स्थायिक झाला. १८१२ मध्ये त्याने कॉफीवर एक दीर्घ निबंध प्रसिद्ध केला.

रम्फर्डचा मुद्दा असा होता की कॉफीचा सुगंध ज्या पदार्थांत असतो ते सहज उडून जाणारे आहेत. कॉफी खळखळा उकळली की ते वाफेबरोबर निघून जातात. सारे घर घमघमते, पण पेल्यात काही उरत नाही. म्हणून पाणी उकळीच्या जवळ असावे, पण पूड घातल्यावर ते उकळू नये. तापमान टिकावे म्हणून त्याने किटलीभोवती गरम पाण्याचे आवरण असलेले भांडे तयार केले. चुली, शेगड्या आणि उष्णतेचे वहन यांवर आयुष्यभर काम केलेल्या माणसाला हे सुचणे स्वाभाविकच होते.

उकळण्याचा दुसराही तोटा आज आपल्याला माहीत आहे. पूड पाण्यात पडली की आंबट चवीचे लहान रेणू आधी उतरतात, मग गोडसर चवीचे आणि कडवट, तुरट चवीचे पदार्थ सावकाश मागून येतात. फार वेळ उकळले तर या शेवटच्या पदार्थांचे प्रमाण वाढते. 'कॉफी कडूच असते' ही आपली समजूत बरेचदा या उकळण्यातून आलेली असते.

दट्ट्याचे भांडे

मार्च १८५२ मध्ये मेयर आणि डेलफोर्ज या दोघांनी फ्रान्समध्ये एका साध्या भांड्याचे पेटंट घेतले. उभट भांड्यात पूड आणि गरम पाणी एकत्र ठेवायचे. एका दांडीला छिद्रे असलेली पत्र्याची चकती जोडायची आणि तिच्या दोन्ही बाजूंना फ्लॅनेलचे कापड लावायचे. थोड्या वेळाने दांडी खाली दाबली की चोथा तळाशी अडकतो आणि वर कॉफी राहते. थोडक्यात, सिरिंजमध्ये असतो तसा दट्ट्या, पण सच्छिद्र.

कल्पना चांगली होती. अडचण कडेची होती. चकती आणि भांड्याची भिंत यांच्यात जरा जरी फट राहिली तरी चोथा तेथून वर येई. हा प्रश्न इटलीतील मिलान शहरात सुटला. १९२९ मध्ये कालिमानी आणि मोनेता यांच्या नावे नोंदलेल्या रचनेत चकतीभोवती एक लवचीक स्प्रिंग बसवलेली होती. ती भिंतीला सर्व बाजूंनी टेकून राही. १९५८ मध्ये फालिएरो बोंदानिनी याने आणखी सुधारित रचनेचे पेटंट घेतले आणि फ्रान्समध्ये क्लॅरिनेट ही वाद्ये बनवणाऱ्या एका कारखान्यात त्याचे उत्पादन सुरू झाले. नंतर एका डॅनिश कंपनीने ते जगभर नेले. कल्पना फ्रेंच, सुधारणा इटालियन आणि प्रसार डॅनिश! तंत्रज्ञानाचा इतिहास बहुधा असाच अनेक हातांतून पुढे सरकतो. एका वस्तूला एकच शोधक असतो, हे केवळ परीक्षेतील प्रश्नांपुरते खरे असते.

मुंबईची 'फ्रेंच कॉफी'

आपल्याकडे 'फ्रेंच' हा शब्द कॉफीला त्याआधीच चिकटला होता, पण वेगळ्या कारणाने. १८८८ मध्ये पेस्तनजी एडलजी नावाच्या तेरा वर्षांच्या पारशी मुलाने मुंबईत कॉफी भाजून, दळून विकण्याचा धंदा सुरू केला. पुढे 'पोलसन' या नावाने तो भरभराटीला आला. जुन्या पिढीला पोलसन आठवते ते लोण्यामुळे, पण आरंभ झाला कॉफीपासून. 'पोलसन्स फ्रेंच कॉफी' ही कॉफी आणि चिकोरी यांचे मिश्रण होती.

चिकोरी ही एक वनस्पती. तिचे मूळ भाजून दळले की कॉफीसारखा गडद रंग आणि कडसर चव येते, मात्र त्यात कॅफीन नसते. १८०६ मध्ये नेपोलियनने इंग्लंडशी व्यापार बंद केल्यावर फ्रान्समध्ये कॉफीचा तुटवडा पडला आणि चिकोरीचा वापर फार वाढला. नाकेबंदी उठली तरी सवय राहिली आणि चिकोरीमिश्रित कॉफीला 'फ्रेंच कॉफी' हे नाव पडले. युरोपातील एका युद्धाची आठवण अशा रीतीने मुंबईच्या डब्यांवर येऊन बसली. आजही आपल्या बाजारातील बऱ्याच पाकिटांत चिकोरी असते. भारतीय नियमांनुसार अशा मिश्रणात निदान ५१ टक्के कॉफी असली पाहिजे आणि दोन्हींचे प्रमाण पाकिटावर छापले पाहिजे. चिकोरी घालणे बेकायदा नाही, पण आपण काय पितो आहोत हे वाचून घेण्याची सवय मुलांना लावायला हवी.

१९३६ मध्ये मुंबईत चर्चगेटला पहिले इंडिया कॉफी हाऊस सुरू झाले आणि शहरी मराठी मध्यमवर्गाला बाहेर बसून कॉफी पिण्याची गोडी लागली. त्यानंतर इन्स्टंट कॉफी आली. कारखान्यात आधीच काढलेला अर्क वाळवून डबाबंद केलेला! तिने गाळाचा प्रश्न मुळातूनच काढून टाकला, कारण चोथा कारखान्यातच राहिला. त्याबरोबर बराचसा सुगंधही तेथेच राहिला आणि एका पिढीला कॉफी गाळावी लागते याचाच विसर पडला.

टीपकागद आणि नॉर्वेतील कोडे

आता थोडे मागे जाऊ. १९०८ मध्ये जर्मनीतील ड्रेस्डेन शहरात मेलिटा बेंट्झ या गृहिणीने मुलाच्या वहीतील टीपकागद घेतला, भोके पाडलेल्या पितळी भांड्यात तो बसवला आणि त्यातून कॉफी गाळली. खाली आली ती स्वच्छ, गाळविरहित कॉफी. तिने पेटंट घेतले आणि कागदी गाळणी जगभर पोहोचली. शाळेच्या दप्तरातून निघालेला हा शोध वर्गात आवर्जून सांगण्याजोगा आहे.

कागदी गाळणी आणि दट्ट्याची जाळी यांत फरक फक्त सोयीचा आहे, असे तेव्हा सर्वांना वाटत होते. फ्रेंच प्रेसची कॉफी अधिक दाट आणि भरदार लागते, कारण धातूच्या जाळीतून कॉफीतील तेलाचे सूक्ष्म थेंब आणि अगदी बारीक कण पार होतात. कागद त्यांना अडवतो. कोणी दाट कॉफी पसंत करी, कोणी स्वच्छ. एवढाच तो वाद.

१९८३ मध्ये नॉर्वेच्या उत्तर टोकाकडील ट्रॉम्स येथून एक पाहणी प्रसिद्ध झाली. तेथे जास्त कॉफी पिणाऱ्यांच्या रक्तात कोलेस्टेरॉल जास्त आढळले होते. अन्य देशांतील पाहण्यांत मात्र असा संबंध कधी दिसे, कधी दिसत नसे. कॉफी तीच आणि माणसेही सारखीच, तर निष्कर्ष वेगळे का? हळूहळू लक्षात आले की उत्तर नॉर्वेत कॉफी उकळून, न गाळता पिण्याची रीत होती. नेदरलँड्समधील संशोधकांनी १९८९ मध्ये दाखवले की उकळलेल्या कॉफीने कोलेस्टेरॉल वाढते, कागदातून गाळलेल्या कॉफीने वाढत नाही. नंतर उकळलेली कॉफीच कागदातून गाळून दिली, तेव्हा तो परिणाम नाहीसा झाला. याचा अर्थ, दोषी पदार्थ कागदावर अडकत होता. पुढे तो ओळखता आला. कॉफीच्या तेलातील कॅफेस्टॉल आणि काह्वेऑल ही ती संयुगे. त्यांत कॅफेस्टॉलचा परिणाम अधिक.

मग फ्रेंच प्रेसचे काय? १९९६ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये त्याच प्रश्नावरचा प्रयोग प्रसिद्ध झाला. निरोगी स्वयंसेवकांच्या एका गटाने सहा महिने रोज सुमारे ०.९ लिटर, म्हणजे पाच-सहा मोठे कप, प्रेसची कडक कॉफी घेतली. दुसऱ्या गटाने तेवढीच कागदातून गाळलेली कॉफी घेतली. प्रेसच्या गटात एलडीएल, म्हणजे ज्याला आपण वाईट कोलेस्टेरॉल म्हणतो ते, ९ ते १४ टक्क्यांनी वाढले. यकृतातील एका विकराचे रक्तातले प्रमाणही वाढले. प्रयोग थांबवल्यावर ही वाढ ओसरली.

यातून घाबरून जाण्याचे कारण नाही. दिवसाला एखादा कप आणि पाच-सहा मोठे कप यांत मोठा फरक आहे. पण ज्यांचे कोलेस्टेरॉल आधीच वाढलेले आहे त्यांनी रोजची कॉफी कागदातून गाळून घेणे शहाणपणाचे. चारशे वर्षे माणसे गाळ नकोसा म्हणून गाळण्या शोधत होती. त्या गाळण्या आणखी काय अडवतात आणि काय सोडतात, हे कळायला विसाव्या शतकाची अखेर उजाडावी लागली.

कार्ल्यात पाणी केव्हा उकळते?

घरी चांगली कॉफी करायची तर चार गोष्टी हाती असाव्या लागतात. पाण्याचे तापमान, पुडीचा जाडपणा, वेळ आणि प्रमाण.

तापमान साधारण ९२ ते ९६ अंश सेल्सिअस हवे. येथे कार्ले पुन्हा आपल्या मदतीला येते. समुद्रसपाटीपासून दर ३०० मीटर उंचीला पाण्याचा उत्कलनबिंदू सुमारे एक अंशाने उतरतो. लोणावळा-कार्ले परिसराची उंची सुमारे सव्वासहाशे मीटर आहे. म्हणून मुंबईत १०० अंशांना उकळणारे पाणी येथे ९८ अंशांच्या आसपास उकळते. कळसूबाईच्या १६४६ मीटर उंच शिखरावर ते साडेचौऱ्याण्णव अंशांच्या जवळपास उकळेल. तेव्हा मुंबईत उकळीनंतर मिनिटभर थांबावे, कार्ल्यात अर्धा मिनिट पुरे, तर कळसूबाईवर थांबण्याचे कारणच नाही.

पूड जाडसर, लापशी रव्याएवढी असावी. बारीक केली तर पृष्ठफळ वाढते, कडवटपणा लवकर उतरतो, बारीक कण जाळीतून निसटतात आणि दट्ट्या दाबायलाही जड जातो. प्रमाण अर्धा लिटर पाण्याला सुमारे ३० ग्रॅम, वेळ चार मिनिटे.

पाणी ओतताच पूड फसफसून वर येते. ताज्या भाजलेल्या कॉफीत कार्बन डायॉक्साइड अडकलेला असतो. तो कणांना तरंगत ठेवतो. एकदा हलके ढवळले की वायू निघून जातो, कणांच्या पोकळ्यांत पाणी शिरते आणि ते बुडू लागतात. चार मिनिटांनी दट्ट्या सावकाश दाबावा आणि कॉफी लगेच कपांत ओतून घ्यावी. चोथ्यावर ती तशीच ठेवली तर कडवट पदार्थ उतरतच राहतात.

वर्गासाठी

महागड्या भांड्याची गरज नाही. झाकणाचे स्टीलचे पातेले आणि मलमलीचे फडके घेतले तरी हे सारे जमते. आम्ही शिक्षकांना तीन प्रयोग सुचवतो.

पहिला, काचेच्या पेल्यात थंड पाणी घेऊन त्यावर बाजारातील कॉफीची पूड भुरभुरावी. कॉफीचे कण बराच वेळ तरंगतात. चिकोरीचे कण तपकिरी रेघ सोडत खाली जातात. इन्स्टंट कॉफीवर हा प्रयोग चालणार नाही, कारण ती विरघळूनच जाते. का, ते मुलांना विचारावे.

दुसरा, एकच कॉफी दोन पेल्यांत घ्यावी. एक चहाच्या जाळीच्या गाळणीतून गाळलेली, दुसरी गाळणकागदातून. थंड झाल्यावर तिरप्या उजेडात पृष्ठभाग पाहावा. जाळीच्या कॉफीवर तेलाचे चमकदार ठिपके शोधावेत आणि नॉर्वेचे कोडे सांगावे. ही कॉफी चाखायची मात्र नाही, कारण प्रयोगशाळेतील भांड्यांतले काहीही तोंडात घालू नये, हा नियम येथेही लागू आहे.

तिसरा, मुंबईहून किंवा कोकणातून सहल निघणार असेल तर उकळत्या पाण्याचे तापमान आधी शाळेत मोजावे. मुक्कामी जेथे स्वयंपाकाची सोय असेल तेथे शिक्षकांनी त्याच तापमापीने पुन्हा मोजावे. दोन अंशांचा फरक शाळेच्या तापमापीवरही दिसतो. घाट चढून आल्याचा तो पुरावा असतो.

पुढच्या वर्गासाठी एक गणितही देता येईल. ३० ग्रॅम पूड, ५०० मिलिलिटर पाणी. चोथा स्वतःच्या दुपटीइतके पाणी धरून ठेवतो, म्हणून कपात येते सुमारे ४४० मिलिलिटर कॉफी. तिच्यात विरघळलेले पदार्थ १.२५ टक्के धरले तर ते साडेपाच ग्रॅम होतात, म्हणजे पुडीच्या सुमारे १८ टक्के. १९५० च्या दशकात अमेरिकेत अर्नेस्ट लॉकहार्ट या रसायनशास्त्रज्ञाने लोकांच्या पसंतीचा अभ्यास करून काढलेली मर्यादा १८ ते २२ टक्के आहे. विद्राव्य भाग तीस टक्के असूनही तो सगळा काढायचा नसतो. किती काढायचे आणि कुठे थांबायचे, हे ज्याला कळले त्याची कॉफी जमली.